वरून चांगली दिसणारी दाढ

ता. ७, रविवार, दुपार

प्रिय ताई,

आम्ही दोघं मजेत आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, तेव्हा ते लिहून मोकळी होते. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजी अजून सकाळचं वर्तमानपत्र मोठमोठ्यानं वाचून तुझं डोकं उठवतात का? उठवू देत. घरात माणसाचा आवाज असलेला बरा.

तुझं दाढेचं वाचून मला आधी हसूच आलं. तुझी ती शेजारीण म्हणजे ना! चांदी विषारी असते, वीस वर्षं झाली की काढून टाकलीच पाहिजे, हे तिला कोणी सांगितलं? आणि तू लगेच निघालीस पिशवी भरून. अगं, दुखतंय का? नाही. काही अडकतंय का? नाही. मग कशाला त्या बिचाऱ्या दाढेच्या मागे लागलीस?

आता नीट ऐक. डॉक्टरांच्या टेबलाशी आयुष्य गेलंय माझं, तेवढा तरी मान दे. चांदीचं फिलिंग दहा-पंधरा वर्षं सहज टिकतं. नीट भरलेलं आणि नीट राखलेलं असेल तर त्याच्या दुप्पटही चालतं. पांढरं त्या मानानं लवकर झिजतं, पाच-सात वर्षं, फार तर दहा. पण वर्षं मोजून कोणी फिलिंग काढत नाही. ते काय औषधाची बाटली आहे, तारीख उलटली की फेकून द्यायला? काढायचं कधी, तर त्याला चीर गेली, तुकडा उडाला, कडेला फट पडून तिथे अन्न अडकायला लागलं, दोरा घातला की तो पिंजून बाहेर आला, चावताना कळ आली, नाहीतर गारगार पाणी प्यायल्यावर ठणका बराच वेळ राहिला, तर. किंवा एक्स-रेमध्ये खाली कीड दिसली तर. यातलं काही नसेल तर हात लावू नये. कारण जुनं काढताना थोडा चांगला दातही जातोच. प्रत्येक वेळी खड्डा आधीपेक्षा मोठा होतो. फिलिंगचं मोठं फिलिंग, मोठ्याची कॅप, कॅपच्या आधी रूट कॅनाल, आणि शेवटी दाढ हातात. विषाचं म्हणशील तर ती चांदी आहे तिथे गप्प बसलेली आहे. उकरायला गेलं की उलट तिची धूळ उडते.

हे सगळं मी आमच्या डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. पेशंट "नवीन घाला" म्हणत यायचे आणि हे जुन्यालाच पॉलिश करून परत पाठवायचे. "चांगलं भरलेलं काढायचं नसतं," हे पालुपद तर तूही ऐकलं असशील.

तेव्हा तू असं कर. तुमच्या तिथल्याच एखाद्या दातांच्या डॉक्टरकडे जा, एक एक्स-रे काढ, कडा तपासून घे, खडबडीत असतील तर गुळगुळीत करून घे आणि घरी ये. तू झोपेत दात खातेस तेही सांग त्याला, त्यानंही फिलिंग लवकर जातं. लहानपणी तुझ्या शेजारी झोपताना मला वाटायचं, ही मला चावणार.

एवढ्यासाठी इकडे येऊ नकोस. रागावू नकोस गं. खुर्ची बिघडली आहे, वरखालीच होत नाही. शिवाय बाहेरच्या खोलीला रंग काढायचा आहे, सगळा पसारा पडणार. तुझा गुडघा घेऊन कुठे बसशील त्यात?

बाकी विशेष काही नाही. आज रविवार असूनही हे सकाळपासून दवाखान्यात आहेत आणि मशीन चालूच आहे. त्या आवाजानं माझं डोकं भणभणलंय, म्हणून इथेच थांबते.

तुझी बारकी

&nbsp;

ता. १८, गुरुवार

प्रिय ताई,

पकडलंस. तुझं कार्ड वाचून मी आधी हसले. "खुर्ची मोडलेली आणि मशीन सकाळभर चालू, म्हणजे तुझे डॉक्टर पेशंटला उभं करून दाढ कोरतात की काय?" तुझ्यापुढे खोटं बोलायची माझी कधीच छाती झाली नाही, मग आता कागदावर कशी होईल?

खुर्ची ठणठणीत आहे. रंगही काढायचा नाही.

तुला ह्यांची कामाची पद्धत माहीत आहे. आलेल्या माणसाचं जुनं फिलिंग पहिल्या दिवशी कधीच काढायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. आरसा, ती टोकदार आकडी, कडेकडेनं फिरवायची, हलकं ठोकायचं, कापूस चावायला द्यायचा. मग "आठ दिवसांनी या." लोक वैतागायचे, पण आठ दिवसांनी निम्म्या लोकांना कळायचं की आपलं काहीच दुखत नाहीये. आणि स्वतःचं काम तर हे लांबून ओळखायचे. फिलिंग कोरताना दाढेवरच्या खऱ्या रेघांसारख्या रेघा काढायच्या आणि मधल्या रेघेला शेवटी किंचित वळण द्यायचं, ही ह्यांची खोड. वीस वर्षांनी माणूस परत आला तरी तोंड उघडल्याबरोबर म्हणायचे, "अरे वा, हे तर आपलंच पोर!"

समोरच्या गल्लीतला घड्याळजी आठवतो ना, बारीक आवाजात बोलणारा? त्याच्या उजव्या दाढेत ह्यांनीच भरलेली चांदी होती. तो आला होता वरचा दात हलतो म्हणून. हे आरसा आत घालून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "ही दाढ कोणी भरली?"

घड्याळजीला वाटलं चेष्टा चाललीय. "तुम्हीच की डॉक्टर."

"छे! हे माझं काम नाही. खाली कीड असणार."

मी मागे सिमेंट कालवत उभी होते. पुढे होऊन बघितलं तर मधल्या रेघेला ते वळण अगदी स्पष्ट. म्हटलं, "अहो, दुखत नाही म्हणतायत ते. पुढच्या आठवड्यात बघू की." तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वरून चांगली दिसतेय ना, तिचाच संशय येतो." आणि मशीन लावलं. पहिल्याच दिवशी. एक्स-रेसुद्धा न काढता.

खाली काही नव्हतं, ताई. पांढरीशुभ्र, कडक दाढ. ह्यांनी ती आणखी कोरली, कीड सापडेपर्यंत कोरायचीच असं ठरवल्यासारखी. मग सापडली नाही म्हणून नाराज होऊन भरून टाकली.

महिनाभरात घड्याळजी कडा टोचते म्हणून परत आला. पुन्हा तेच. "ही कोणी भरली?" पुन्हा काढली. या वेळी नसेपर्यंत गेले. तो माणूस खुर्चीचे हात आवळून बसला होता आणि हे त्याला शांतपणे सांगत होते की आधीच्या डॉक्टरनं वाट लावलीय. शेवटी दुसरीकडे जाऊन त्यानं ती दाढ काढून घेतली. पैसे मागितले नाहीत, बोभाटा केला नाही. फक्त माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, "वहिनी, डॉक्टरांना आता जरा विश्रांती द्या." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो एकटाच नाही. शाळेतल्या बाई झाल्या, बेकरीवाला झाला. सगळी ह्यांचीच जुनी पोरं, आणि सगळ्यांचाच संशय.

एरवी अगदी पूर्वीसारखे आहेत गं. भाजी आणतात, विनोद करतात, माझ्या चष्म्याला नावं ठेवतात. कधीकधी किल्ली कुठे ठेवली ते विसरतात, पण ते तर मीही विसरते. म्हणून तर तोंड उघडवत नाही. काय सांगू त्यांना? तुमचे हात गेले? तुमचं डोकं गेलं? ज्या माणसानं मला साधी आकडी कशी धरायची ते शिकवलं, त्याला?

मी सध्या एक युक्ती केली आहे. फोन करणाऱ्यांना सांगते, डॉक्टर गावाला गेलेत. दारावर पाटी लावली आहे. पाहू किती दिवस निभावतं ते. काळजी करू नकोस. आणि कृपा करून येऊ नकोस, कारण तुझी ती दाढसुद्धा त्यांनीच भरलेली आहे.

तुझी बारकी

&nbsp;

ता. २९, सोमवार

ताई,

हे पत्र मी हातोहात पाठवते आहे. बेकरीवाल्याचा भाऊ उद्या तुमच्या बाजूला गाडी घेऊन जाणार आहे, तो तुझ्या दारात आणून देईल. शनिवारच्या आधी ते तुला मिळायलाच हवं.

तू परवा फोन केलास तेव्हा मी गच्चीवर कपडे काढत होते आणि नेमका ह्यांनी उचलला. मी खाली आले तर ह्यांचा चेहरा नुसता फुललेला. "ताई शनिवारी येतायत! त्यांच्या दाढेचं बघायचंय." तुला फोनवर ते अगदी ठणठणीत वाटले असतील. मला म्हणाले, "तूही काय काय कल्पना करून घेतेस असं ताई म्हणाल्या." मी तुला दोष देत नाही. त्यांचा तो आवाज ऐकला की मलाही वाटतं, मीच राईचा पर्वत करतेय. पण फोन ठेवल्यावर त्यांनी मला काय विचारलं माहीत आहे? "ताईंची ती दाढ कोणा गाढवानं भरली होती गं? काढावी लागणार." दाढ बघितलीसुद्धा नाही अजून.

मी उलट फोन का केला नाही, असं म्हणशील. फोन त्यांच्या टेबलावर असतो, बोललेलं सगळं त्यांच्या कानावर जातं. आणि दुसरं असं की मला नीट बोलता येत नाहीये. गाल सुजला आहे.

आता सगळं सांगून टाकते.

पेशंट बंद केल्यावर दोन-तीन दिवस बरे गेले. मग ह्यांना चैन पडेना. रिकाम्या खुर्चीभोवती फेऱ्या मारायचे, दिवा लावायचे, विझवायचे, हत्यारं उकळत ठेवायचे. मग बाहेर पडायला लागले. फळवाला हसला की ह्यांची मान पुढे व्हायची. एकदा त्याला म्हणाले, "ये रे आत, पाच मिनिटांचं काम आहे." तो बिचारा डॉक्टरांचा मान ठेवून निघालाही होता पाठोपाठ. मी धावत गेले आणि काहीतरी बहाणा करून त्याला परत पाठवला.

त्या दिवशी मी खुर्चीत बसले. म्हटलं, "अहो, माझी डावी दाढ दुखतेय, जरा बघता का?"

मला दुसरं काही सुचलंच नाही, ताई. वाटलं, ह्यांच्या हाताला काम मिळेल, दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाणार नाहीत. आणि खरं सांगू? मनात एक वेडी आशा होती की माझं तोंड तरी ते ओळखतील. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी भरलेली दाढ ती. त्या दिवशी मी घाबरून रडले होते आणि भरून झाल्यावर ह्यांनी मला आरशात ती वळणाची रेघ दाखवली होती. म्हणाले होते, "ही सही आहे माझी. आता पळून जाता यायचं नाही."

आरसा आत गेला. ते बघत राहिले. मग म्हणाले, "कोणी भरलीय ही?"

त्या आठवड्यात ती निघाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघाली. शेजारची दाढ ठीक होती, पण तिचाही संशय आला. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मशीन ठेवून दिलं असतं, जबरदस्ती करणारा माणूस नव्हे तो. पण मग ते उठून रस्त्यावर गेले असते. म्हणून मी दर वेळी तोंड उघडलं. आता डाव्या बाजूनं मला काही चावता येत नाही. पेज आणि दूध यांवर आहे. घड्याळजी गल्लीत भेटला, त्यानं माझ्या गालाकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला सगळं कळलं.

काल मात्र जे झालं ते मी अजून पचवू शकलेले नाही.

दुपारी मी पुन्हा खुर्चीत होते. ह्यांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. ते अजूनही इतकं हळुवार देतात की सुई कळत नाही. गालाच्या आत कापूस भरला, दिवा ओढला, आरसा घातला. आकडी कडेवरून फिरवली, ती अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा अडकली. मागच्या आठवड्यातलं त्यांचंच काम ते. खरोखरच वाईट होतं, ताई. कडा उघडी, एका बाजूला सिमेंट बाहेर आलेलं, रेघा तर नाहीतच. हात चुकतो, पण नजर मेली नाहीये त्यांची. ते सगळं त्यांना दिसलं, अगदी पूर्वीसारखं दिसलं.

त्यांनी चष्मा काढला. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "ज्यानं कोणी हे केलंय ना, त्याच्या हाती पुन्हा मशीन देता कामा नये. किती लोकांच्या तोंडाचं वाटोळं केलं असेल यानं!" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून विचारलं, "त्याच्या घरात सांगणारं कोणी नाही का गं?"

माझ्या तोंडात कापूस होता. जीभ बधिर होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर त्यांना वाटलं दुखतंय. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. काहीतरी आठवल्यासारखा, किंवा आठवायला भ्यायल्यासारखा. हलक्या आवाजात म्हणाले, "मी नाही ना केलेलं हे?"

तेवढा एक क्षण होता. बोलायची गरजच नव्हती, नुसती मान खाली-वर केली असती तरी झालं असतं. सगळं तिथेच थांबलं असतं. ते मशीनही, शनिवारही, आणि माझी दाढही.

मी मान आडवी हलवली. नाही.

इतकं हायसं वाटलं त्यांना! मोठा श्वास सोडला, हसले, म्हणाले, "वाटलंच मला. चल, काढून टाकू." आणि पायानं मशीन सुरू केलं.

ताई, तू शनिवारी ये. तुला दोन्ही पत्रांत येऊ नकोस म्हटलं, आता पाया पडून सांगते, ये. पण त्यांनी कितीही आग्रह केला तरी खुर्चीत बसू नकोस. त्यांच्यासमोर हसूसुद्धा नकोस. सरळ आत ये, त्यांना खाली बसव, आणि जे मला जमलं नाही ते सांग. तू मोठी आहेस, तुझं ते ऐकतात, तुझ्यापुढे चिडत नाहीत. त्यांना म्हण, त्या सगळ्या चांगल्या दाढा तुम्हीच भरल्या होत्या, आणि फार सुंदर भरल्या होत्या. आणि ज्याच्या हातून मशीन काढून घ्यायचं म्हणता, तोही तुम्हीच.

हे ऐकल्यावर त्यांच्यात काय उरेल, याचा मला अंदाज नाही. मी स्वयंपाकघरात दार लावून बसेन. ओरडण्याचा आवाज आला तर येणार नाही. आवाज आला नाही तर मात्र लगेच येईन.

आत्ता त्यांनी हत्यारं उकळायला ठेवली आहेत. मला हाक मारतायत. उजव्या बाजूचीही एकदा बघून घेऊ म्हणतात.

त्या माणसाच्या घरातली, सांगू न शकलेली,

तुझी बारकी